तीन नळ्यांची राखण

मित्रांनो, रुग्णालयाच्या मागे पत्र्याची एक शेड आहे. तिथे मोडक्या खाटांच्या रांगेत आडवा पडलेला पांढरा खोका म्हणजे मी. मी एक जुना फ्रीझर आहे. तुमच्या घरात असतो तसला नव्हे. माझ्या पोटात उणे ऐंशी अंश थंडी असे. उघडा हात लावला तर कातडी चिकटावी अशी.

कारखान्यातून आलो तेव्हा हमालांनी मला जिन्यावरून वर चढवले. एकाचे बोट भिंतीशी चेमटले आणि त्याने मला आयुष्यातली पहिली शिवी हासडली. मला मागवले होते एका तरुण डॉक्टरबाईंनी. आईबापांकडून मुलांत उतरणाऱ्या आजारांचा माग काढणे, हे त्यांचे काम. त्या काळी या कामाला कोणी खिजगणतीत धरत नसे. शस्त्रक्रिया करणारे मोठे डॉक्टर दारातून डोकावून म्हणाले, "काय बाई, यात आइस्क्रीम ठेवणार का?"

"ठेवीन की. पण तुम्हाला पचायचं नाही," बाई म्हणाल्या.

त्यांनी माझ्यात ठेवले ते रक्त. बोटाएवढ्या नळ्या आणि प्रत्येक नळीवर एक नाव. गावोगाव फिरून, लोकांच्या ओट्यांवर बसून त्यांनी ते गोळा केले होते. काही घरांत मुले धडधाकट जन्मत, दुडुदुडु चालत, आणि मग एकाएकी त्यांचे पाय लटपटू लागत. पुढे बोलणे जाई, गिळणे जाई, शेवटी मूलच जाई. का, ते कोणालाच ठाऊक नव्हते.

अशाच एका घरातली टेलरताई मला अजून आठवते. ती कपडे शिवून पोट भरणारी, तिचा नवरा ड्रायव्हर. तिचा थोरला मुलगा याच रुग्णालयात दगावला होता. त्याची नळी माझ्या वरच्या कप्प्यात होती. आता ती धाकट्याला कडेवर घेऊन आली. पळायच्या वयाचे मूल, पण मान खांद्यावर टाकलेली. सोबत नवरा आणि सासू.

सासू म्हणाली, "आमच्या घराण्यात असलं कधी नव्हतं. हिचीच कूस खराब."

टेलरताईने मान खाली घातली. बाईंनी हातातली सुई बाजूला ठेवली.

"आजी, हा आजार एकट्या आईकडून येत नाही. आई आणि बाप, दोघांकडून अर्धा अर्धा वाटा आला तरच येतो. अर्धा तुमच्या मुलाकडून आलाय."

ड्रायव्हर दचकला. "म्हणजे माझ्यामुळं?"

"तुमच्या रक्तातून. तुमच्यामुळं नव्हे. डोळ्यांचा रंग आपण निवडून घेतो का?"

परत जाताना सासूने सुनेच्या कडेवरचे मूल स्वतःकडे घेतले. धाकट्याची नळीही माझ्यात आली. पुढे त्याच्या पाठची मुलगी झाली. तिचे पाय लटपटू लागले तेव्हा तिचीही आली.

बाईंनी हाडांची काडे केली. केसांत रुपेरी छटा आली, तेव्हा कुठे उत्तर सापडले. शरीर कसे घडवायचे याच्या सूचना प्रत्येकाच्या रक्तात असतात. त्यांतल्या एका सूचनेत एकच अक्षर चुकले होते. परदेशांतून पाहुणे आले, माझ्या दाराशी उभे राहून फोटो काढले गेले. बाईंनी त्यावरून तान्ह्या बाळांची तपासणी सुरू केली. जन्मतःच आजार कळला की औषध देता येई आणि मूल चालत राही. कितीतरी घरांतले पाळणे त्यांनी रिकामे होऊ दिले नाहीत. मला वाटे, त्यात माझाही खारीचा वाटा आहे.

पण टेलरताईच्या मुलांच्या रक्तात ते चुकलेले अक्षर नव्हतेच. आजार दिसायला तसाच, पण निराळा.

"म्हणजे माझ्या पोरांचं उत्तर नाही?" टेलरताईने विचारले. मुलीला जाऊन तेव्हा महिनाही झाला नव्हता.

"आज नाही. पण तिघांचं रक्त आहे आपल्याकडे. ते आहे तोवर शोध संपलेला नाही."

टेलरताईने माझ्या दारावर तळहात टेकवला, झोपलेल्या मुलाच्या पाठीवर टेकवतात तसा.

यथावकाश बाई निवृत्त झाल्या. नवे साहेब आले. माणूस वाईट नव्हता, पण त्यांना कामांचा रगाडा पुरून उरे. मला खोलीतून बोळात हलवले. माझ्या दाराचे रबर फाटले, अंगावर बर्फाचे थर चढले. मी आजारी पडलो की माझ्यातून शिटी वाजे. तीच काय ती माझी वाचा.

"डोकं उठवलंय या खोक्यानं!" बोळातला कारकून म्हणाला आणि त्याने शिटीचे बटण बंद केले.

मग भिंती रंगवायला माणसे आली. त्यांना दिव्यासाठी वीज हवी होती. त्यांनी माझी वायर काढली आणि काम संपल्यावर ती परत न लावताच निघून गेली. लागून सुट्ट्या आल्या. आधी थरांना पाझर फुटला, मग कप्पे ओले झाले. मला सगळे कळत होते आणि ओरडता येत नव्हते. सुट्ट्या संपल्यावरही लोक माझ्या पायाशी साचलेल्या पाण्याला वळसा घालून जात राहिले.

पावसाळा गेला आणि बाई काठी टेकत आल्या. सोबत टेलरताईची धाकटी बहीण होती. दोघी बहिणी एकाच घरात दिलेल्या, दोघा भावांना. तिला दिवस गेले होते. आता रक्तातली सगळी अक्षरे एका दमात वाचणारी यंत्रे निघाली होती. बाईंनी शेवटी टेलरताईच्या मुलांच्या रक्तासाठी तशी सोय जमवली होती.

त्यांनी माझे दार उघडले. वास आला. नळ्यांवरची नावे पुसून गेली होती, बुचे सुटली होती, आत काळपट घाण होती. बाईंनी एकेक नळी उचलून उजेडात धरून पाहिली.

"दुसरं रक्त घेऊ की, बाई," बहीण म्हणाली.

"कोणाचं, पोरी? तिघंही गेली. तुझे भावजीही गेले. एकट्या तुझ्या ताईच्या रक्तातून शंकाच हजार निघतील. या तिघांपैकी एकाचं तरी हवं होतं गं."

बहिणीने पोटावर हात धरला. "मग माझ्या बाळाचं?"

"सांगता येणार नाही," बाई म्हणाल्या. तरी त्यांनी उरलीसुरली घाण खरवडून तपासायला धाडली. तिच्यात वाचण्याजोगे काही उरले नव्हते.

परवा शेडमध्ये खाट टाकायला आलेल्या दोन परिचारिका बोलत होत्या. टेलरताईच्या बहिणीचे बाळ आता भिंतीला धरून उभे राहते. घरात त्याचे कोणी कौतुक करत नाही. सगळे जीव मुठीत धरून त्याच्या पायांकडे पाहत बसतात.

मित्रांनो, माझ्यासाठी हळहळू नका. मी पत्रा आहे, गंजणारच. पण एखादे जुने यंत्र घरघरताना, शिट्या वाजवताना दिसले, तर त्याची वायर ओढण्याआधी एवढेच विचारा, "आत कोणाचं काय आहे?" माझ्या बाबतीत हे कोणी विचारले नाही. विचारायला फार वेळ लागला नसता.