पाच नंबरचा मानकरी

नागपूरहून मेल आला तो सकाळी साडेदहाला, आणि गुणवंतरावांनी तो चार वेळा वाचला. पहिल्यांदा चष्म्याशिवाय, दुसऱ्यांदा चष्मा लावून, आणि उरलेल्या दोन वेळा अर्थ बदलतो का ते पाहायला. बदलला नाही. तेल कंपनीला माणसं कमी करायची होती. प्रत्येक डेपोनं वर्षअखेरीचे नंबर आज संध्याकाळी पाचच्या आत भरायचे. ज्याच्या नावापुढे पाच, तो महिनाअखेर घरी.

ऊर्जानगरच्या पलीकडे, टँकरच्या धुळीनं पांढऱ्या पडलेल्या सागांत हा डेपो. इथलं डिझेल थेट सिरोंच्यापर्यंत जातं. माणसं दहा. चार वर्षांपूर्वी साहेब बदलून गेला, त्याची जागा काही भरली नाही. फोरमन गुणवंतरावच साहेबाच्या खुर्चीत बसले आणि सगळ्यांचे नंबर तेच भरू लागले. एक म्हणजे उत्तम, पाच म्हणजे निकामी. दहात एक पाच हवाच, मग दहाही जण सोन्याचे का असेनात.

पाच मिळाला की तेव्हा फक्त त्या वर्षीची पगारवाढ बुडायची. गुणवंतरावांनी त्यावर तोड काढली. दसऱ्याला टँकरची पूजा झाली की डब्यात चिठ्ठ्या टाकायच्या. ज्याची निघेल त्यानं दिवाळीची नऊ दिवस सुटी घ्यायची, बाकीच्यांनी त्याची ड्युटी ओढायची, आणि मार्चमध्ये त्यानं मुकाट पाच घ्यायचा. पाचापुढे कारण लिहावं लागे, त्याखाली ज्याला पाच त्याची सही. कारणं गुणवंतराव चहा पिता पिता रचायचे. एकदाही उशिरा न आलेल्या अंकुशला त्यांनी ‘वक्तशीरपणा नाही’ लिहिलं. टाकीत मोजणीचा गज सोडून तेलाच्या मापात केसाइतकाही फरक न होऊ देणाऱ्या श्रीहरीला ‘मोजमापात हलगर्जी’. वाचून सगळे हसले, श्रीहरी सगळ्यांत जास्त, आणि हसत हसतच त्यानं सही केली. चिठ्ठ्या गुणवंतरावच लिहायचे, त्यामुळे डब्यात त्यांची चिठ्ठी असते का, हे कोणी कधी विचारलं नाही.

यंदाची मानकरी रंजीता. ती तेल तपासायची. तिच्या सहीशिवाय टँकर गेटबाहेर पडत नसे. दिवाळीत ती वडशाला सासरी गेली, रात्री जागून तीन नाटकं पाहिली आणि ताजीतवानी होऊन परत आली. म्हणजे पाचाचा मोबदला तिनं आधीच उचललेला होता.

मेलची बातमी जेवणाच्या सुटीआधीच फुटली. त्या दुपारी कोणी कोणाच्या डब्यात हात घातला नाही.

“नंबर तं रंजीताबाईचा हाय,” सुनिल म्हणाला. तो टँकर भरायचा. “सुटी तिनंच खाल्ली.”

“तुह्या ताटात वाढली व्हती का?” अंकुश म्हणाला. “जेव चूपचाप.”

साडेतीनला नागपूरच्या साहेबाचा फोन आला. “नाव झालं का?”

“होऊन राह्यलं साहेब.”

चारला गुणवंतरावांनी रंजीताला बोलावलं. बाई रडेल या हिशेबानं पाण्याचा गिलास आधीच भरून ठेवला होता.

“बस बाई.”

“उभीच बरी हाय. सिरोंच्याचा टँकर थांबला हाय.”

“तुले माहीतच हाय...”

“हाय ना. सुटी मी घेतली, नंबर माझा. मी कुठी नाई म्हणून राह्यली? कारण काय लिहिलं, दाखवा.”

त्यांनी स्क्रीन वळवली. ‘तपासणीत चुका करते.’

रंजीतानं ते वाचलं. “सात सालात माझ्या सहीचा एक तरी टँकर वापस आला का भाऊ?”

“लिहा लागते काहीतरी.”

“मंग खरं लिहा. ‘दसऱ्याले डब्यातून हिची चिठ्ठी निघाली.’ आत्ता सही कराले तयार हाय. माझा नवरा अजय भातगिरणीत चार महिने काम करते आन् आठ महिने वाट पाहते. मले उद्या दुसरीकडे काम मागा लागन. ‘चुका करते’ घेऊन कोणाच्या दारात उभी राहू?”

गुणवंतरावांनी भरलेला गिलास स्वतःच संपवला. हे वाक्य नागपूरला गेलं की चार वर्षांचे कागद उघडणार, आणि प्रत्येक कागदावरचं कारण त्यांनीच रचलेलं. मग चौकशी.

त्यांनी श्रीहरीला हाक मारली. श्रीहरी दाराबाहेरच होता. खरं तर सगळेच होते.

“श्रीहरी, तू तं समजदार हायेस. यंदा तुह्यं नाव...”

“टाका ना भाऊ. पण बाई म्हणते तसंच कारण लिहा. आन् माझं मांगचंबी बदलून द्या. माझी पोरगी विचारते, बाबा, हलगर्जी म्हणजे काय?”

कोणी हसलं नाही. सुनिल दुपारपर्यंत नियमाचा मोठा पक्का होता. आपलंही नाव निघू शकतं हे ध्यानात आल्यावर तोही मान हलवू लागला. “खरं कारण असन तं मीबी सही करतो,” तो म्हणाला आणि अंकुशच्या मागे सरकला.

पावणेपाचला पुन्हा फोन. “गुणवंतराव, एक नाव लिहायला इतका वेळ?”

“दहा मिनिटं साहेब.”

यादीत दहा नावं होती. दहावं त्यांचं, त्यापुढे दरवर्षीसारखा दोन. त्या एकाच नावाला दुसऱ्या कोणाची सही लागत नव्हती. त्यांनी मनात मांडणी केली. चौकशीत गेलो तर रिकाम्या हातानं जाईन. पाच घेऊन गेलो तर कंपनी रीतसर देणं देऊन सोडेल. नोकरीची उरलेली दोन वर्षं तेवढी जातील. रंजीता बोलली तेव्हापासून उत्तर हेच येत होतं. ते फक्त दुसरं कुठलं येतं का ते पाहत होते.

रंजीतापुढचा पाच त्यांनी पुसला आणि आपल्या दोनाचा पाच केला.

मग कारणाचा रकाना आला. दुसऱ्यांचे दोष चहाच्या एका कपात सुचायचे, स्वतःचा सुचेना. ‘कामात लक्ष नाही’ लिहिलं, पुसलं. ‘तब्येत साथ देत नाही’ लिहिलं, तेही पुसलं. पाचला पाच मिनिटं उरली तेव्हा त्यांनी भराभर बोटं चालवली: ‘अडचण आली की दुसऱ्याच्या नावावर टाकतो.’

रंजीतानं खांद्यावरून वाकून वाचलं. “भाऊ, हे रचलेलं नाई वाटत.”

“वाटू दे.” त्यांनी बटण दाबलं. “जा, टँकर पाह्य. ड्रायव्हर बोंबलून राह्यला.”

ती गेली. बाकीचेही एकेक करून सटकले. फोन लगेच वाजला.

“गुणवंतराव, हे काय, तुमचंच नाव? चुकून पडलं का?”

“नाई साहेब.”

“एकदा पाठवलेला फॉर्म परत घेता येत नाही, माहीत आहे ना?”

“माहीत हाय,” गुणवंतराव म्हणाले. “म्हणून तं घाई केली.”