दोन कालिंदी आणि एक परत आलेला अर्ज

मित्रांनो, माझा वरचा कोपरा कात्रीने कापलेला आहे आणि मी रद्द झाल्याचा शिक्का माझ्या पहिल्याच पानावर आहे. तरीही ओळख करून देताना मी मान खाली घालणार नाही. मी एक जुना पासपोर्ट आहे. सध्या माझा मुक्काम छत्रपती संभाजीनगरात, गारखेड्यातल्या एका फ्लॅटमध्ये, लोखंडी कपाटाच्या आतल्या कप्प्यात असतो. कप्प्याला कुलूप आहे आणि आत डांबरगोळ्यांचा वास आहे. देशोदेशी फिरण्यासाठी जन्मलेल्याच्या नशिबी हे असे चार बोटांचे घर आले.

माझा जन्म मॉरिशस बेटावरचा. निळे कव्हर, त्यावर सोनेरी अक्षरे, आत कोरी करकरीत पाने. काय माझा तोरा होता म्हणून सांगू! माझ्या पानावर बावीस वर्षांच्या एका मुलीचा फोटो छापला गेला आणि शेजारी तिचे नाव, कालिंदी. तिचे पूर्वज कैक पिढ्यांपूर्वी कोकणातून उसाच्या मळ्यांवर मजुरीला गेले आणि तिकडचेच झाले. घरात मराठी उरले होते ते गणपतीच्या आरत्यांपुरते आणि आईच्या रागवण्यापुरते. ते नीट शिकावे म्हणून कालिंदी शिष्यवृत्ती मिळवून इथल्या विद्यापीठात आली.

इथे उतरल्यावर माझ्यावर पहिला शिक्का बसला. दुखले थोडे, पण छाती फुगली. त्यानंतरची दोन वर्षे मी तिच्या कापडी पिशवीतून गावभर हिंडलो. वसतिगृहात मी, बँकेत मी, पोलिसांच्या नोंदणीत मी. वेरूळची लेणी बघायला गेलो तेव्हाही तिकीटखिडकीवर मलाच पुढे व्हावे लागले, कारण परदेशी पाहुण्यांचे तिकीट वेगळे. रांगेत मागे हिमांशू नावाचा एक इंजिनिअर उभा होता. तो म्हणाला, "एवढं शुद्ध मराठी बोलणारी बाई परदेशी कशी काय?" ती म्हणाली, "इथले लोक शुद्ध बोलत नाहीत म्हणून मी परदेशी वाटते." झाले! त्याच दोन वर्षांत लग्न ठरले. त्या लग्नाचा पहिला साक्षीदार मी आहे, हे कुणी मानत नाही ती गोष्ट निराळी.

आता जे घडले ते नीट ऐका, कारण पुढचे सगळे रामायण त्यातून झाले.

हिमांशूच्या आईचे नावही कालिंदीच होते. सासू आणि सून एकाच नावाची म्हणजे घरात रोजचा गोंधळ. सासूबाई लग्नाआधीच हसत म्हणाल्या होत्या, "आमटी खारट झाली तर नाव कुणाचं घ्यायचं?" आपल्याकडे लग्नात नवरीचे नाव बदलायची रीत आहे, ती या वेळी सोयीची पडली. ताटात तांदूळ पसरले, हिमांशूने अंगठीने त्यात ‘मनस्विनी’ असे लिहिले, बायकांनी टाळ्या वाजवल्या. कालिंदीला वाटले हा लाडाचा खेळ आहे. नाव गोड होते. तीही हसली. तिला विचारले मात्र कुणी नाही.

खेळ तिथेच संपला असता तर बरे झाले असते. पण लग्नाची नोंदणी करायला पुढे झाले हिमांशूचे लक्ष्मणमामा. पस्तीस वर्षे कचेरीत कारकुनी केलेला माणूस. फॉर्म म्हटला की त्यांच्या हाताला खाज सुटे. त्यांनी वधूच्या रकान्यात मोत्यासारख्या अक्षरांत लिहिले, मनस्विनी. लग्नाआधीचे नाव विचारणारा रकाना त्यांनी तिरकी रेघ मारून सोडला. मी तिथेच टेबलावर होतो. मला उघडून पाहायला कुणाला सवड नव्हती. त्या दाखल्यावरून पुढे आधार झाले, बँकेचे पुस्तक झाले, गॅसचे कार्ड झाले. सगळीकडे मनस्विनी. खरे नाव राहिले ते फक्त माझ्या पोटात.

मग दहा वर्षे भरली आणि माझी मुदत संपली. नवा पासपोर्ट आला, त्याच्यावरही कालिंदीच होते. माझा कोपरा कापला गेला. मला फ्रीजच्या आणि मिक्सरच्या वॉरंटी कार्डांबरोबर एका प्लास्टिकच्या पिशवीत घातले आणि पिशवी कप्प्यात गेली. कोरी पाने अजून शिल्लक होती माझ्यात. त्यांचे मला फार वाईट वाटे. मित्रांनो, काम संपले की माणसे वस्तूकडे ढुंकूनही बघत नाहीत, हे मी अंधारात बसून शिकलो.

बाहेर कालिंदीचे दिवसही तसे सुखाचे होते, पण एक काटा होता. तिला ठरावीक काळाने इथे राहण्याची मुदत वाढवून घ्यावी लागे. स्वतःच्या घरात राहायला परवानगी मागायची! शेवटी तिने नागरिकत्वाचा अर्ज करायचे ठरवले. त्याची एक अट अशी की अर्जाच्या आधीचे सबंध वर्ष इथेच काढलेले हवे, देशाबाहेर पाऊल टाकायचे नाही. तिने ते वर्ष काढले. त्याच वर्षी तिकडे तिची आई मोरीत घसरून पडली आणि खुब्याचे हाड मोडले. आई अंथरुणाला खिळली ती खिळलीच. रोज फोनवर विचारायची, "बाय, कधी येतेस?" आणि कालिंदी रोज सांगायची, "अर्ज गेला की लगेच."

अर्जासाठी माझी आठवण झाली. पहिल्या प्रवेशाचा शिक्का माझ्यावर ना! कपाट उलथेपालथे झाले, पिशवी निघाली, हिमांशूने मला पुसले. तीन वर्षांनी उजेड पाहिला. अर्ज गेला. तिने विमानाचे तिकीट काढले, आईसाठी दोन मऊ सुती साड्या घेतल्या. निघायला नऊ दिवस उरले असताना पाकीट आले. आत आमचे सगळे कागद आणि वर एक ओळीचे पत्र: अर्ज अपूर्ण असल्याने परत.

दुसऱ्या दिवशी आम्ही कचेरीत. खिडकीपलीकडे साहेबराव नावाचे कारकून होते. फुलंब्रीहून रोज एसटीने येणारे, कपाळाला भंडारा लावलेले, तोंडाने सावकाश आणि नजरेने चलाख. त्यांनी मला उघडले, मग लग्नाचा दाखला उघडला, मग रेशनकार्ड.

"ताई, ह्या कालिंदीबाई कोण?"

"मीच."

"आन् ह्या मनस्विनीबाई?"

"त्याही मीच."

"आन् रेशनकार्डावर अडुसष्ट वर्षांची कालिंदी हाय, ती?"

"त्या माझ्या सासूबाई."

साहेबरावांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "हे बघा ताई, रागावू नका. कागदावर जी बाई देशात आली तिचं लग्न झालेलं नाय. जिचं लग्न झालं ती देशात आलेलीच नाय. आन् कालिंदी नावाची जी बाई त्या घरात राहती, ती तुमची सासू. मला सगळं कळतंय वो. पर मला कळून काय उपेग? कागदाला कळाया पाहिजे."

"मग आता?"

"पासपोर्टावरचं नाव धरा. बाकी समदे कागद त्या नावावर करून आणा. मग नवा अर्ज टाका."

"तोवर मी एकदा आईला भेटून येऊ?"

साहेबरावांनी तोंड खिडकीजवळ आणले. त्यांचा आवाज खाली आला. "गेलात तर वरीस मोडतंय ताई. नवा अर्ज म्हंजी नवं वरीस. परत आल्यावर पहिल्यापासून मोजायचं."

तिने तिकीट रद्द केले.

पुढचे तीन महिने आम्ही घाण्याच्या बैलासारखे फिरलो. लग्नाचा दाखला दुरुस्त करायचा तर त्या नावाचे आधार आणा. आधार दुरुस्त करायचे तर त्या नावाचा लग्नाचा दाखला आणा. मी प्रत्येक टेबलावर उघडला जात होतो आणि प्रत्येक टेबलावरून तोच शेरा ऐकत होतो, "हा तर रद्द झालेला आहे." अरे बाबांनो, रद्द मी झालो, माझ्यावरचे नाव कुठे रद्द झाले? पण कागदाचा आवाज कोण ऐकतो?

लक्ष्मणमामांना बोलावले. ते उलट चिडले. "मी काय खोटं लिहिलं? नाव बदललंच होतं की! पस्तीस वर्षांत माझ्या हातचा एक अर्ज परत आला नाही." हिमांशू म्हणाला, "मामा, तुम्ही लोकांचे परत करायचात." मामा चहा न घेताच गेले.

कालिंदी कुणावर चिडत नव्हती, याचीच मला भीती वाटे. रात्रीच्या भाकऱ्या करून झाल्या की खिडकीशी उभी राहायची. तिकडे जाता येत नाही आणि इथली म्हणून कुणी लिहून घेत नाही, अशी तिची गत. मीही तिच्यासारखाच. नव्याने चालत नाही, जुने म्हणून टाकता येत नाही. एकदा व्हिडिओ कॉलवर तिची आई बराच वेळ तिच्याकडे नुसती बघत राहिली आणि मग शेजारच्या नर्सला विचारू लागली, "ही कोण?" कालिंदीने फोन उशीखाली ठेवला आणि कपाटाला टेकून खाली बसली. मी आत होतो. तिचे हुंदके मला पत्र्यातून ऐकू येत होते.

हे सासूबाईंनीही ऐकले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी कुलूप उघडले, मला स्वतःच्या पिशवीत घातले आणि कुणाला न सांगता रिक्षाने कचेरी गाठली. अडुसष्टाव्या वर्षी, गुडघ्याला पट्टा बांधून. दोन तास रांगेत उभ्या होत्या. खिडकीशी आल्यावर त्यांनी मला पुढे सरकवले.

"साहेबराव तुम्हीच ना? माझं म्हणणं लिहून घ्या. ही कालिंदी माझी सून. तिचं नाव मी बदललं. घरात माझ्या नावाची दुसरी बाई नको होती मला. थट्टेवारी नेलं, पण मनात तेच होतं. तिला विचारलं नाही. चूक माझी आहे, तिची शिक्षा का?"

साहेबराव उठून उभे राहिले. "काकू, असं नुसतं सांगून भागत नाय. पर हेच स्टँपपेपरवर लिहून, लग्नाचे साक्षीदार घेऊन नोंदणीवाल्यांकडं जा. सासूनं सवता लिहून दिलं तर दाखल्यावर लग्नाआधीचं नाव चढवतील. टाईम लागंल. पर वाट हाय ती."

"किती लागेल?"

"चार महिने धरा. आन् त्याच्या म्होरं नवा अर्ज."

सासूबाई घरी आल्या. सून कणीक मळत होती. त्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या. अकरा वर्षांत त्या तोंडून ‘मनस्विनी’शिवाय दुसरी हाक निघाली नव्हती.

"कालिंदी, बॅग भर."

कालिंदीचे हात कणकेत तसेच राहिले. "आई, वर्ष मोडेल. सगळं पहिल्यापासून करावं लागेल."

"मोडू दे. वर्षं पुन्हा येतात. तुझ्या आईला पुन्हा कुठून आणशील? दाखल्याचं मी बघते. लक्ष्मणला कान धरून नेते साक्षीला. तू जा."

मग दोघी रडल्या. कणकेचे हात सासूबाईंच्या पाठीवर उमटले, आणि ते कुणी पुसले नाहीत.

मित्रांनो, मी म्हातारा, कापलेला. माझे एवढे एक ऐका. तुम्ही उद्या मोठे व्हाल. तुमच्या घरी कुणाची तरी लेक सून म्हणून येईल. तिला नवे नाव आवडले तर खुशाल ठेवा, पण आधी तिला विचारा. आणि जे ठेवाल ते कागदावर धड लिहा, रिकाम्या रकान्यात रेघ ओढून मोकळे होऊ नका. घरातले जुने कागद वॉरंटी कार्डांखाली दडपू नका. आमच्या पोटात माणसे असतात.

कालिंदी गेली. नव्या पासपोर्टला घेऊन गेली, मला जाता आले नाही. परवा तिचा फोन आला. आईने दोन दिवस तिला ओळखले नाही. तिसऱ्या दिवशी तिचा हात धरला आणि आता झोपेतसुद्धा सोडत नाही. ती कधी परत येणार, हे सासूबाईंनी विचारले नाही. ती येईल तेव्हा विमानतळावर नवा शिक्का बसेल आणि तिथून बारा महिने मोजायला सुरुवात होईल, एक, दोन, तीन. मी याच कप्प्यात असेन, कुलपाआड. पण आईला डोळे भरून पाहून आलेली लेक रांगेत किती वेळ उभी राहू शकते, ते आता त्या कचेरीनेच बघावे.