सीतेच्या वेणीच्या बदल्यात

माझ्या लेकीचं नाव शरयू. मी ठेवलेलं. पण अकोल्याच्या जुन्या शहरातल्या आमच्या घरात तिला कोणी शरयू म्हणत नाही. सासूबाईंपासून दारावर फुलं घ्यायला येणाऱ्या बायकांपर्यंत सगळ्यांची ती कोंडी. कारण जन्मली तेव्हा आम्ही तिला सूपभर कोंड्याला विकली.

माझं पहिलं मूल पाचवीच्या आतच गेलं होतं. दुसरं तरी हाती राहावं म्हणून सासूबाईंनी, म्हणजे पार्बताबाईंनी, बाळ सुपात घातलं आणि माझ्या थोरल्या जावेपुढं धरलं. मनकर्णाबाई त्यांचं नाव. त्यांनी दुसऱ्या सुपात ज्वारीचा कोंडा ओतून माझ्या पुढ्यात ठेवला आणि पोर उचलली. झालं. पोर त्यांची, मी नुसती पाजणारी. जिचं मूल एकदा नेलं तिच्याकडे आता मूलच नाही, मग पुन्हा न्यायचं कोणाचं, अशी ती मरणाला दिलेली हूल. पोर नीट चालू-बोलू लागली की आईनं परत विकत घ्यायची. दाम सांगायचा तो जिच्या पदरात पोर आहे तिनं. कोणी पसाभर तीळ मागते, कोणी पपई मागते आणि मोकळी होते.

अमरावतीच्या कॉलेजात मी तर्कशास्त्र शिकले होते. तरी त्या दिवशी कोंड्याचं सूप जवळ ओढून घेतलं. पोर जगावी, एवढंच हवं होतं.

पोर जगली. आणि माझ्या डोळ्यांदेखत खरोखरच त्यांची झाली.

मी तिला ‘आई’ म्हणायला शिकवलं. ती म्हणते मला आई, शाळेतल्या बाईंना हाक मारावी तशी. जाऊबाई मात्र ‘माय’. पडली की माय, भूक लागली की माय, झोपेत दचकली तरी माय. जाऊबाईंना मूल नाही. हे मला कळत होतं, आणि कळून काही उपयोग होत नव्हता. त्यांनी तिला भाकरीचा कुस्करा भरवला की मी दाराआडून घास मोजायची. माझ्या हातचा वरणभात थुंकणारी पोर त्यांच्या हातचा कुस्करा बोटं चाटूनपुसून खायची.

हे, म्हणजे माझे यजमान, धारणीला जंगलखात्यात कारकून. तिथं राहायला जागा मिळेपर्यंत मी अकोल्यालाच. होळीच्या आधी हे रजेवर आले ते एक सागाची मोडकी फांदी घेऊन. फांदीला जाड हिरवी पानं धरलेली, खाली पांढऱ्या दोऱ्यांसारख्या मुळ्या लोंबत होत्या.

“बांडगूळ काहून आनलं गा घरात?” सासूबाई म्हणाल्या.

“बांडगूळ नाही माय, सीतेची वेणी हाय. झाडावर राह्यते, पण झाडाचं खात नाही. असा गुलाबी तुरा लोंबते की पाहत राहावं.”

आणि यांनी काय करावं? फांदीचे दोन भाग केले. एक त्यांच्या वहिनीला, म्हणजे जाऊबाईंना, एक मला. मी तेवढ्यात पाहून घेतलं, जाऊबाईंच्या भागाला पानं जास्त होती.

आमचं घर फुलांवर जगतं. मोर्णेकाठच्या बागेतली शेवंती, गुलाब, मोगरा भासरे, म्हणजे मोठे दीर केशवराव, बाजारात नेतात. बागेत जाऊबाईंचा हात चालतो. त्यांनी खोचलेली काडी जगते असं सगळे म्हणतात. त्यांनी सीतेची वेणी कुंडीत लावली, काळ्या मातीत, वर सरकीची पेंड घालून. आमच्या घरी गुलाबाला जे, तेच सगळ्याला.

मी माझा तुकडा जळक्या लाकडाच्या ओंडक्याला सुंभानं बांधला आणि हौदाजवळच्या पेरूवर टांगला. कॉलेजातल्या एका मास्तरांच्या बंगल्यात मी अशी झाडं टांगलेली पाहिली होती. उन्हाळ्यात अकोल्याची झळ लागू नये म्हणून भोवती ओलं गोणपाट धरलं. पावसाळा लागल्यावर शेण पाण्यात कालवून निवळू द्यायची, वरचं पाणी फिक्या चहाच्या रंगाचं होईपर्यंत पातळ करायची आणि मुळ्यांवर शिंपडायची. पुढच्या खेपेला नुसतं पाणी, म्हणजे आधीच्या खताचा खार धुऊन जातो. मुळीचं टोक हिरवं दिसलं की माझा दिवस चांगला जायचा. शरयूच्या कपाळाला हात लावून ताप पाहायचा, मग झाडाच्या मुळ्या पाहायच्या, असा माझा नेम झाला होता. झाडाला निदान दुसरी माय नव्हती.

आखाडात जाऊबाईंच्या कुंडीतली पानं पिवळी पडली.

“जाऊबाई, मातीतून काढा ते,” मी म्हटलं. “मुळ्यांना हवा लागते. काळी माती पाणी धरून ठेवते, सडतील.”

“मातीतून काडू? मंग खाईन काय ते, वारा?”

“वाराच खातं ते बहुतेक.”

“आयकलं का माय? धाकटीचं झाड वारा खाते!” त्या हसल्या. सासूबाई हसल्या. शरयूला काही कळलं नाही, पण माय हसली म्हणून तीही टाळ्या पिटून हसली.

मनकर्णाबाईंनी आणखी पेंड घातली. पोळ्यापर्यंत बुडखा काळा पडला आणि पान धरताच हातात आला. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

पण माझं सुख फार टिकलं नाही. आता जाऊबाई शरयूला कडेवर घेऊन माझ्याच पेरूखाली उभ्या राहू लागल्या. “पाह्य कोंडे, मुळी पाह्य कशी लोंबली. आजीच्या दातासारकी पांढरी!” थंडीत मी खत बंद केलं, पाणीही मुळ्या पार चांदीसारख्या झाल्या तरच द्यायची. तेव्हा त्या माझ्या देखत पोरीला म्हणाल्या, “तुही आई उपाशी मारून राहिली वो त्याले.” झाड झोपलंय, त्याला आता भूक नाही, हे मी समजावून सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्या पुन्हा हसल्या असत्या.

ज्येष्ठात पानाच्या बेचक्यातून कोंब निघाला. तो मी आधी पाहिला नाही. मी आत निवडण घेऊन बसले होते आणि बाहेरून शरयू ओरडली, “माय! फूल!” जाऊबाई धावल्या. मी पोहोचले तेव्हा दोघींचे चेहरे त्या कोंबाला टेकले होते. वर्षभर मी जपलेलं झाड, पण मला त्यांच्या खांद्यावरून पाहावं लागलं.

तुरा पुरता फुलला, लोंबता, गुलाबी, मधासारख्या वासाचा. गल्लीतल्या बायका पाहून गेल्या. त्याच आठवड्यात हे आले. धारणीला जागा मिळाली होती.

“तू जाय नवऱ्यासंगं,” सासूबाई मला म्हणाल्या. “पण पोट्टीले काहून नेतं? तिकडं तापाचं रान. पावसात मोटर बी नाही जात. राहू दे इथंच. तशीही ते मोठीचीच हाय.”

मी यांच्याकडे पाहिलं. हे जोड्याची नाडी बांधत बसले. नाडी केव्हाच बांधून झाली होती.

मी सरळ जाऊबाईंपुढं जाऊन बसले. त्या चुलीपाशी होत्या, शरयू त्यांच्या मांडीवर. “जाऊबाई, मला माझी पोर विकत घ्यायची आहे. दाम सांगा.”

“आत्ता?”

“आत्ता. चालते, बोलते, सगळं करते. तीळ आणू? पपई?”

त्यांनी बराच वेळ लाकडं सारली. नाही म्हणतील, किंवा आणखी वर्षभर थांब म्हणतील, अशी मला धास्ती होती. तसं म्हणायचा त्यांना हक्क होता.

“तुही वेणी दे,” त्या म्हणाल्या.

“तुरा?”

“तुरा सुकून जाते. झाड दे. लाकडासगट.”

सासूबाई म्हणाल्या, “काय मोठे, असं बी कोनी मागते?”

“माय, तुमी नका बोलू. ते माही पोर नेऊन राहिली. मी काय तिळावर देऊ?”

मी उठले. पेरूवरून ओंडका सोडवला. मुळ्या फांदीला धरलेल्या होत्या, एकेक नखानं सोडवावी लागली. त्यातली एक तुटली तेव्हा मी ओठ चावला. झाड त्यांच्या पदरात ठेवलं. त्यांनी शरयूला उचलून माझ्या मांडीवर ठेवलं. ती लगेच उतरून त्यांच्याकडे गेली.

निघायच्या दिवसापर्यंत मी त्यांना झाडाविषयी एक अक्षर सांगितलं नाही. खत कधी, किती, थंडीत काय करायचं नाही, काहीच नाही. विचारलं तर सांगू, असं मनाशी म्हणत राहिले. त्यांनी विचारलं नाही. त्यांच्या हाताला यश आहे ना, मग पाहून घेतील. पेरूच्या त्याच फांदीवर त्यांनी ते टांगलं होतं, आणि खाली पेंडीचं घमेलं ठेवलेलं मी पाहिलं होतं.

मोटरस्टँडवर सगळे पोचवायला आले. अमरावतीपर्यंत मोटर, तिथून परतवाडा, मग पुढं घाट. मी खिडकीशी बसले आणि शरयूला कळलं की माय मोटरीत चढत नाही. मग तिनं जो हंबरडा फोडला! पाय झाडले, माझी बांगडी फोडली. मी तिला छातीशी घट्ट धरली, तशी ती आणखी ताणली गेली. मोटरीतली माणसं माझ्याकडे अशी पाहत होती, जणू मी कोणाची तरी पोर पळवून नेत होते.

जाऊबाईंनी बाहेरून खिडकीची दांडी धरली. “शकुन, आवळू नको वो तिले. सोड. खांद्यावर पालथी टाक. थोपटू नको, अजून चिडते. तळपाय चोळ, डावा. अंगठ्यानं.”

मी तसं केलं. हुंदके लांब लांब येऊ लागले, मग मान माझ्या खांद्यावर पडली. अडीच वर्षं मी दाराआडून सगळं पाहत होते, आणि हे मला ठाऊक नव्हतं. त्यांनी ते कोणी न विचारता सांगून टाकलं होतं. यातसुद्धा त्याच माझ्या पुढं गेल्या. त्या क्षणी मला त्यांचा जेवढा राग आला तेवढा कधी आला नव्हता.

मोटर सुरू झाली.

“जाऊबाई, पेंड घालू नका!” मी ओरडले. “थंडीत काहीच घालू नका, झोपू द्या त्याला!”

त्यांनी ऐकू येत नाही म्हणून कानामागं हात धरला. “काय म्हनतं?”

“बाई, हळू,” शेजारचे म्हातारे गृहस्थ म्हणाले. “आत्ता तं झोपली बिचारी. उठीन ना.”

मोटर वळणाला लागली होती. मी खिडकीबाहेर मान काढली आणि होता नव्हता तेवढा आवाज काढून पुन्हा ओरडले. शरयू दचकून उठली आणि तिनं भोकाड पसरलं. मी तिचा डावा पाय हातात घेतला.