वसतिगृहातील एक महिला कर्मचारी

त्या सोमवारी आई मोड आलेले वाल सोलत बसली होती आणि मी तिला माझा निबंध वाचून दाखवत होते. रोह्यातल्या मुलींच्या वसतिगृहात ती एकोणीस वर्षं स्वयंपाक करत होती. मी विद्यार्थी कल्याण विषयात एम.ए. करत होते आणि पेणला होणाऱ्या परिषदेत पहिल्यांदाच बोलणार होते.

निबंध तिच्यावरच होता. घरच्या आठवणीने जेवण टाकणारी, गप्प झालेली मुलगी दिसली की आई तिला काही विचारत नसे. "ये गो, जरा वाल सोलू लाग," म्हणून जवळ बसवायची. हात कामात, नजर परातीत. अर्धी परात होईपर्यंत मुलगी आपणहून बोलायला लागायची. निबंधात मी याला 'अनौपचारिक समुपदेशन' म्हटलं होतं आणि आईला 'वसतिगृहातील एक महिला कर्मचारी'.

"बाई शहाणी दिसते," आई म्हणाली. "कोण गो ही?"

"नावं द्यायची नसतात, आई. नियम आहे."

"बरं हाय. नायतर रेक्टरबाई म्हणतील, गिरजा भात करपवून समुपदेशन करते."

तो शब्द तिला नीट उच्चारता आला याचं मला नवल वाटलं होतं. ते नवल वाटणंच आता टोचतं.

मग ती सहज म्हणाली, "मी येऊ काय ऐकायला? पेण काय लांब नाय. मागं बसेन."

"तिथे सगळे प्राध्यापक असतात. कंटाळशील तू."

ती कंटाळेल याची मला काळजी नव्हती. चहाच्या वेळी कोणी 'या कोण' असं विचारलं तर, याची होती.

"व्हय, ते पण खरंच," म्हणाली आणि सालं गोळा करून उठली.

दुसऱ्या दिवशी पहाटे वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात ती कोसळली. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

परिषद तेराव्यानंतर पाच दिवसांनी होती. मी जाणार नव्हते. भाऊ, प्रविण, म्हणाला, "जा तू. तिनं अख्ख्या वसतिगृहाला सांगून ठेवलंय."

पेणच्या सभागृहात मी निबंध वाचला. 'ही कर्मचारी मुलींना बोलतं करते,' असं त्यात लिहिलेलं होतं. मी तसंच वाचलं.

वाचून झाल्यावर पहिल्या रांगेतल्या एक प्राध्यापिका उठल्या. "फार मोलाचं काम आहे. या बाईंना आमच्या रेक्टर मंडळींसमोर बोलवता येईल का? खरं तर आज तुम्ही त्यांना सोबतच आणायला हवं होतं."

दोनचार जण कौतुकाने हसले. नावं गोपनीय असतात, हे उत्तर माझ्याकडे तयार होतं. संयोजकांनी पुढच्या वक्त्याची चिठ्ठी हातात घेतली होती. मी माईक सोडला नाही.

"त्यांचं नाव गिरजाबाई मरवडे. अठरा दिवसांपूर्वी त्या गेल्या," मी म्हणाले. "ती माझी आई. ती येते म्हणाली होती. मीच नको म्हटलं. स्वयंपाक करणारी आई तुमच्यासमोर आणायची मला लाज वाटली."