शाब्बासचा फुगा

छोटीने प्रोजेक्टरला जोडलेला लॅपटॉप उघडला, भिंतीवर मधोमध एक मोठा फुगा उमटला, त्यात 'बाबा' असं लिहिलेलं. मग त्या फुग्यातून फांद्या फुटल्या, फांद्यांना आणखी फुगे लागले, आणि मोठे साहेब आता टाळ्याच पिटतात की काय असं ताईला वाटलं.

"वा! याला म्हणतात काम," साहेब म्हणाले.

झालं! ताईच्या अंगाचा तिळपापड झाला. या अभिलेखागारात जुने कागद लावता लावता तिचे केस पिकले, धुळीने नाक कायमचं चोंदलं, पण साहेबांच्या तोंडून 'वा' म्हणून काही निघालं नव्हतं. आणि ही तिची धाकटी बहीण, दूरच्या शहरात कॉम्प्युटरवर बोटं आपटणारी, रजा टाकून येते काय, बाबांच्या कागदांचा माइंड मॅप करते काय, नि सगळ्यांना खिशात घालते काय!

बाबा पुलांचे इंजिनिअर होते. ते गेल्यावर त्यांचे कागद अभिलेखागार चालवणाऱ्या संस्थेने मागून घेतले. पुलांची खोकी ताईने लावायला घेतली, घरगुती खोकी छोटीने. प्रत्येक पाकिटाचा एक फुगा. ज्या फांदीवर फुगे जास्त, ती फांदी सॉफ्टवेअर आपोआप जाड करायचं. आणि तिथेच सगळी गोम होती.

'घर' या फांदीला दोन फाटे होते, थोरली आणि धाकटी. धाकटीचा फाटा चांगला मनगटाएवढा, हॉस्टेलमधून लिहिलेल्या पत्रांनी लगडलेला. थोरलीचा म्हणजे सुतळी. त्यावर काय? एक गुणपत्रक आणि औषधांच्या पावत्या. औषधंही बाबांचीच, आणली मात्र ताईने. त्यांची सगळी आजारपणं तिने काढली होती, रात्री-अपरात्री उठून पाठ चोळली होती. आणि लाडकी कोण? तर ही! आतापर्यंत नुसता संशय होता, आता भिंतीवर पुरावा लागला.

त्यातही एक फुगा तिच्या डोळ्यांत फारच खुपला. 'धाकटीचं चित्र, पूल. लाल पेन्सिलीत शेरा: शाब्बास.'

शाब्बास! बाबांच्या कोटाच्या खिशात सदा लाल पेन्सिल असायची. ताई वर्गात पहिली आली तेव्हा त्याच पेन्सिलीने त्यांनी गुणपत्रकातले गेलेले मार्क अधोरेखित केले होते, दुसरं अक्षर नाही. तिला मिळालं ते हे, आणि हिच्या रेघोट्यांना शाब्बास?

दुपारी छोटी चहाला खाली गेली. ताईने इकडेतिकडे बघितलं आणि माउस धरला. फुगाच तर आहे, कुणाच्या बापाचं काय जातंय, असं ती स्वतःशी पुटपुटली, आणि बाप आपलाच आहे हे आठवून आणखी चिडली. ते चित्र ओढून आपल्या फांदीवर टाकायचं, बस्स. नवशिक्यांवर ती एरवी खेकसायची, "आधी कागद डोळ्यांनी बघा, मग तोंड उघडा!" पण आज तिला पाकीट उघडायचं सुचलं नाही. फुगा हलेना. तिने जोर लावून पुन्हा ओढलं, काहीतरी मिटलं, काहीतरी सरकलं, जिन्यात पावलं वाजली आणि तिने घाईघाईने लॅपटॉप बंद केला.

संध्याकाळी विश्वस्त जमले. छोटीने तो फुग्यांचा नकाशा उघडला. 'धाकटी' कुठेच दिसेना. ती आख्खीच्या आख्खी 'थोरली'च्या पोटात गेली होती, पत्रांच्या लटांबरासकट.

"ताई," साहेब चष्मा सावरत वाचू लागले, "एका घरात राहून वडिलांना एवढी पत्रं? आणि हे काय, 'बाबा, हॉस्टेलमध्ये माझ्या डोक्यात उवा झाल्यात'?"

खसखस पिकली. ताईला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

"माझाच हात लागला असेल," छोटी शांतपणे म्हणाली, आणि दोन क्षणांत सगळं जागच्या जागी गेलं.

घ्या! आता मोठेपणाही हिनेच घेतला. सगळे जाईपर्यंत ताईने कसंबसं तोंड मिटून धरलं.

"मी हलवलं ते, मुद्दाम!" दार लागताच ती फुटली. "तुला सगळं मिळालं, एक शाब्बास मला मिळाली असती तर काय बिघडलं असतं?"

"पत्रं जास्त आहेत, कारण मी तिथे नव्हते गं," छोटी म्हणाली. "तुझ्याशी ते रोज बोलत होते, त्याचा कागद कुठून येणार?" मग ती उठली आणि तिने खोक्यातून एक पाकीट काढलं. "हे तू बघितलंस तरी का?"

ताईने चित्र बाहेर काढलं. वाकडा पूल, काडीसारखे खांब, खाली लाल अक्षरं. 'श'ची गाठ उलटी. अशी गाठ ती आजही प्रत्येक खोक्याच्या चिठ्ठीवर घालायची.

"अगं बाई," ती मटकन खुर्चीत बसली.

"बाबांनी न बघताच बाजूला सारलं होतं. मी रडत बसले, तर तू त्यांच्या कोटातून पेन्सिल पळवलीस. ताई, बाबांनी जन्मात कुणाला शाब्बास म्हटलंय का?"

बराच वेळ ताई त्या अक्षरांवरून बोट फिरवत राहिली. मग तिच्यातली अभिलेखागारवाली जागी झाली. "पण बाबांनी बघितलंच नाही, तर हे जपलं कुणी?"

"मी. हॉस्टेलपासून माझ्याच पेटीत होतं. घराच्या फांदीवर हे हवंच असं वाटलं, म्हणून आणून ठेवलं."

"म्हणजे हे बाबांच्या संग्रहातलं नाहीच! बाहेरचा कागद असा घुसवतात होय गं?" ताईने नाक ओढलं आणि स्वतःच्या हाताने तो फुगा पुसून टाकला. मग खाली बघत हळूच विचारलं, "इथे नाही राहणार, तर मला देतेस?"

"मुळीच नाही," छोटीने चित्र तिच्या हातातून हिसकावून घेतलं. "माझं आहे ते."