सॉरी नव्हे, सोऱ्या

मित्रांनो, या देशाच्या औद्योगिक प्रगतीचा इतिहास कधी लिहिला गेला, तर दिल्लीच्या आसपासच्या कारखानदारीला त्यात एक स्वतंत्र प्रकरण द्यावे लागेल, आणि त्या प्रकरणाच्या पहिल्या ओळीत माझे नाव असेल. फरीदाबाद आणि मानेसर ही दोन गावे जोडण्यात रस्त्याचा वाटा आहे, हे मी नाकारत नाही. पण माझाही आहे.

मी एक जुना सोऱ्या आहे. चकल्या पाडायचा.

माझा जन्म साताऱ्याच्या एका भांडी करणाऱ्या कारखान्यात झाला. एक पितळी नळकांडे, त्यात बसणारा दट्ट्या आणि तळाशी बदलता येणाऱ्या पाच चकत्या, एवढाच माझा देह. शेवेच्या चकतीला पुष्कळ बारीक भोके असतात. चकलीच्या चकतीला एकच छेद असतो आणि तो चांदणीसारखा, सहा टोकांचा असतो. त्या सहा टोकांमुळेच चकलीला काटे येतात. हे वाक्य लक्षात ठेवा. एका इंजिनिअरला ते ठाऊक नव्हते, म्हणून पुढचे सगळे घडले.

वीणाताईंच्या रुखवतात मी मांडला गेलो आणि लग्नानंतर त्यांच्यासोबत फरीदाबादला आलो. दिलीपराव तिथे ट्रॅक्टरचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात होते. ते इंजिनिअर. वर्षातले तीनशे त्रेसष्ट दिवस मी स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर, इडलीपात्राच्या मागे असे. दिवाळीला दोन दिवस खाली.

मित्रांनो, फरीदाबादेत स्वस्थ बसणे फार कठीण आहे. गल्लीत प्रेस आदळत असतात, लेथ फिरत असतात, मागे येणारे टेम्पो केकाटत असतात. सगळे गाव काहीतरी कापत, ठोकत, भोके पाडत असते. आणि अंगात भोक घेऊनच जन्माला आलेला मी रिकामा. खालून प्रेसचा दणका आला की माझा दट्ट्या आतल्या आत थरथरे. वीणाताईंना वाटे, फळीवर उंदीर आहे. त्यांनी दोनदा पिंजरा लावला.

त्यांचा मुलगा अथर्व तिथलाच. त्याला मराठी येते, पण त्या मराठीत मधूनमधून खड्डे आहेत. 'सोऱ्या' हा शब्द अशाच एका खड्ड्यात पडला. दिवाळी आली की तो स्टुलावर चढून विचारी, "आई, सॉरी नीचे उतारू?" पहिली काही वर्षे मला वाटायचे, वर्षभर अडगळीत ठेवल्याबद्दल हा मुलगा माझी क्षमा मागतो आहे. मी त्याला मनातल्या मनात क्षमा केलीही होती.

माझे दिवस पालटले ते कमलेशमुळे. कमलेश ही बाई आहे. हरयाणात हे नाव बाईचेही असते. ती खालच्या मजल्यावर राहायची आणि कपड्यांच्या एका एक्स्पोर्टच्या कारखान्यात शर्टांचे सुटलेले धागे कापायचे काम करायची. बारा वर्षे तेच. एका दिवाळीला तिने चकली खाल्ली, बोटाला लागलेले तीळही खाल्ले आणि म्हणाली, "भाभी, ये बाजार में क्यों ना मिलती?"

वीणाताई म्हणाल्या, "इथे कोई बनाता नहीं ना."

कमलेश म्हणाली, "तो?"

मित्रांनो, ज्या प्रश्नावर अर्थशास्त्राची जाडजूड पुस्तके लिहिली जातात, तो तिने एका अक्षरात विचारला.

तिथून मी फळीवर चढलो नाही. वर्षभर रोज माझ्यातून चकल्या पडल्या. सकाळी वीणाताई भाजणी मळायच्या, सुट्टीच्या दिवशी कमलेश दट्ट्या दाबायची. तिचे मनगट असे होते की माझ्या अंगाला पोक आले, ते अजून आहे. पण खरे सांगतो, मला तेव्हा इतके बरे वाटायचे! चकल्या मराठी मंडळात गेल्या, मग शेजारच्या सेक्टरातल्या दुकानात गेल्या. तिथले गिऱ्हाईक त्यांना 'काँटेवाली जलेबी, नमकीन' म्हणे. वीणाताईंना ते आवडत नसे. मला चाले.

मग गणपतीत मंडळाच्या स्टॉलवर परीक्षित नावाचे एक गृहस्थ आले. मूळचे पुण्याचे, आता मानेसरच्या एका गाड्यांचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात कामगारांच्या सोयीसुविधा बघणारे. त्यांनी चकली मोडली, कानाजवळ धरून तिचा आवाज ऐकला आणि म्हणाले, "आमच्याकडे दिवाळीला बाराशे कामगारांना डबे देतात. दर वर्षी सोनपापडी. लोक ती न उघडता एकमेकांना देतात. एक डबा तर फिरून माझ्याकडेच आला. तुम्हाला जमेल?"

वीणाताईंनी "जमेल" म्हटले आणि मग घाबरल्या.

"सोमवारी अकराला नमुना आणा. मशीनवर केलेला. हाताने सगळेच चांगले करतात."

आता बाराशे डबे माझ्याच्याने होणारे नव्हते. वीणाताईंनी शेव-नमकीन पाडायचे एक जुने विजेचे यंत्र घेतले. कमलेशने शुक्रवारी एक्स्पोर्टच्या नोकरीला रामराम ठोकला. "अब धागा कोई और काटेगा," असे सुपरवायझरला सांगून आली. तो तिला म्हणाला होता, "सोमवार को वापस आएगी, लिखवा ले." ते तिने लिहून घेतले नाही, पण ध्यानात ठेवले. ऑर्डर मिळाली नाही तर तिला त्याच माणसासमोर कात्री घेऊन बसावे लागणार होते.

यंत्रासोबत चकत्या आल्या, पण सगळ्या शेवेच्या. चांदणी कुठली असणार? तेव्हा माझी चकती नमुना म्हणून नेऊन तशीच मोठी बनवून घ्यायची ठरली. फरीदाबादेत ही रीतच आहे. नकाशा नको, नाव नको. वस्तू पुढे ठेवायची आणि म्हणायचे, ऐसाच बनवा. संध्याकाळी तयार.

शनिवारी दिलीपराव मला घेऊन धर्मबीर मिस्त्रींच्या लेथवर गेले. वीणाताईंनी बजावले होते, नीट समजावून सांगा. इंजिनिअर माणूस, तो मिस्त्रीला काय समजावणार? मिस्त्रींनी चकती उजेडात धरली आणि विचारले, "बाबूजी, यो छेद इसा क्यूं सै?"

दिलीपरावांना नेमका फोन आला होता. फोनवर हात ठेवून ते म्हणाले, "पुराना है."

बस. दोन शब्द.

संध्याकाळी मिस्त्रींनी मोठी चकती दिली आणि माझीही परत दिली, पुसून, चकचकीत करून. "बाबूजी, सैंपल का छेद कती कट-फट रया था. मन्ने दोनों गोल कर दिए. पुराणे का कोई चार्ज ना सै."

मित्रांनो, माझ्या सहाही टोकांवर कानस फिरली होती. माणूस इतक्या मायेने कुणाचे नाक कापू शकतो, हे मला तोवर ठाऊक नव्हते.

घरी यंत्र सुरू झाले. पीठ खाली उतरू लागले, गोल, गुळगुळीत, गांडुळासारखे. वीणाताई बघत राहिल्या. मग त्यांनी यंत्र बंद केले आणि दिलीपरावांकडे वळल्या.

"तुम्ही त्यांना काय सांगितलंत?"

"अगं, तो म्हणाला छेद असा का, मी म्हटलं जुना आहे. मला काय माहीत चकलीला काटे कशाने येतात?"

"बत्तीस वर्षं खाताय."

"मला वाटायचं, तळताना येतात."

ज्या घरात बाई बोलत नाही, तिथल्या भांड्यांना जास्त ऐकू येते. वीणाताई नुसत्या माझ्या गोल झालेल्या छेदातून बोट आत-बाहेर करत बसल्या होत्या. कमलेशने हळूच विचारले, "भाभी, बिना काँटे के ना चलेगी?"

"बिना काँटे की कडबोळी होती है. उनको चकली चाहिए."

रविवारी सकाळी दोघी मला पिशवीत घालून निघाल्या. लेथ बंद होता. मिस्त्री शेजारीच घराबाहेर खाटेवर बसून चहा पीत होते. वीणाताईंनी आपल्या हिंदीत सगळे सांगितले. मिस्त्रींनी शांतपणे ऐकले.

"बहनजी, काँटा तो मछली में हो सै. खाण की चीज में काँटा क्यूं चाहिए?"

"भैया, काँटे के बिना उसको चकली नहीं बोलते."

"तो के बोलैं?"

"कडबोळी."

"तो कडबोळी बेच ल्यो."

वीणाताईंचा चेहरा पडला. तेव्हा कमलेश पुढे झाली आणि खाटेच्या पायापाशी पडलेला एक नट उचलून म्हणाली, "ताऊ, इस नट के अंदर की चूड़ी घिस दूं, तो इसने के बोलोगे?"

चूडी म्हणजे आपले आटे.

मिस्त्री म्हणाले, "वॉशर."

"तो वॉशर बेच ल्यो."

मिस्त्रींनी चहाचा ग्लास खाली ठेवला. पन्नास वर्षांच्या कारागिरीला अर्ध्या मिनिटात कुणी असे समजावलेले मी पाहिले नाही. ते उठले, लेथचे शटर वर केले आणि म्हणाले, "नमूना दिखाओ."

नमुना होता कुठे? टोकांवर तर त्यांनीच कानस फिरवली होती. घरच्या डब्यात एकच जुनी चकली उरली होती आणि तिचाही अर्धा भाग अथर्वने खाल्ला होता. ती अर्धी चकली वीणाताईंनी रुमालातून काढली. मिस्त्रींनी ती व्हर्नियर कॅलिपरमध्ये पकडली, ज्याने एरवी ट्रॅक्टरचे भाग मापतात, आणि एकेका काट्याची उंची खडूने शटरवर लिहून काढली. एक काटा इतरांहून आखूड निघाला. "यो भी इसा ही रखूं?" त्यांनी विचारले. आता ते विचारायला शिकले होते.

दुपारपर्यंत मोठी चकती झाली. मग त्यांनी मलाही नवी चकती कापून दिली, स्टीलची, सहा टोकांची. टोके अशी की साताऱ्याच्या कारागिराने बघितली असती तर त्याने धंदा बदलला असता. यंत्र सुरू करण्याआधी वीणाताईंनी पहिला घाणा माझ्यातूनच काढला. काटे येतात की नाही, हे बघायला. आले. कमलेशने पहिली चकली खाल्ली, जीभ टाळूला लावून बघितली आणि म्हणाली, "चुभै सै." मग दुसरी घेतली.

सोमवारी अकराला परीक्षितनी यंत्रावरची चकली हातात घेतली. मी पिशवीत होतो. न जाणो यंत्राच्या चकतीबद्दल काही विचारले तर दाखवायला वीणाताईंनी मला सोबत नेले होते. परीक्षितनी चकलीवरून बोट फिरवले.

"काटा आहे," ते म्हणाले.

कमलेशला मराठी येत नाही, पण ती त्यांच्या तोंडाकडे बघत होती आणि तिच्या हातातल्या पिशवीचा बंद मला गळफासासारखा आवळत चालला होता.

"थोडा जास्तच आहे," परीक्षित म्हणाले, कारण ते पुण्याचे होते. मग त्यांनी बाराशेच्या कागदावर सही केली. बंद सैल झाला.

याला आता तीन वर्षे झाली. वीणाताईंची आज स्वतःची शेड आहे. तिथे अकरा बायका काम करतात आणि त्यांतल्या चौघी कमलेशच्या जुन्या कारखान्यातून आल्या आहेत. त्या सुपरवायझरची बहीणही आहे. धर्मबीर मिस्त्रींनी आपल्या पाटीवर 'ट्रॅक्टर पार्ट्स' खाली 'चकली डाई' असे लिहून घेतले आहे आणि त्यांच्या चकत्या पार पानिपतपर्यंत जातात. मराठी माणसाचे पानिपतला काहीतरी चांगले झाले, हे इतिहासात प्रथमच घडले असावे.

शेडच्या उद्घाटनाला आलेले पाहुणे भाषणात म्हणाले, "वीणाजी ने चेष्टा की, और क्षेत्र का विकास हुआ." हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. पण मंडळाची मराठी माणसे चमकून एकमेकांकडे बघू लागली. काहींना ते पटलेही.

आणि मी? मित्रांनो, माझा सत्कार झाला. मला दारासमोर काचेच्या पेटीत ठेवले आहे. खाली पितळी पाटी आहे. ती अथर्वने फोनवरून सांगून बनवून घेतली, म्हणून तिच्यावर ठळक अक्षरांत लिहिले आहे : 'हमारी पहली मशीन – सॉरी'. येणारेजाणारे ती वाचतात, आत कण्हणाऱ्या यंत्राकडे बघतात आणि समजून मान हलवतात. मानेसरहून आलेल्या एका जपानी पाहुण्यांना कुणीतरी पाटीचा अर्थ सांगितला, तेव्हा ते क्षणभर थांबले आणि मला वाकून नमस्कार करून गेले.

फळीवर असताना निदान दिवाळीची आशा होती. इथे ती नाही. पेटीला कुलूप आहे. आत यंत्र चालते, दिवसाला दीड क्विंटल चकली पडते, आणि मी काचेतून बघत असतो. यंत्र सुरू झाले की माझा दट्ट्या अजून थरथरतो. हल्ली कुणी पिंजराही लावत नाही. ज्याच्यामुळे आपले बरे झाले त्याला माणसे फार लवकर पूजेला बसवतात, कारण पुजलेल्या वस्तूकडून काम घ्यावे लागत नाही आणि तिची चौकशीही करावी लागत नाही. तुमच्याही घरात असे कुणी असेल, भांडे किंवा माणूस, तर त्याला हार घालण्याआधी विचारून बघा, हात चालतात का. बहुतेक चालत असतात.

मी मात्र एवढे काही मागत नाही. पेटीतून बाहेर काढा, असेही म्हणत नाही. पाटी बदलण्याचा आग्रह नाही. आता सवय झाली आहे. फक्त त्या रविवारच्या पहिल्या घाण्याचे थोडे पीठ माझ्या नव्या चांदणीच्या चौथ्या टोकात अडकून राहिले आहे. मिस्त्रींनी टोके फार बारीक काढली ना! तीन वर्षांत ते वाळून दगड झाले आहे आणि तिथे सारखी खाज येते. तुमच्यापैकी कुणी फरीदाबादला गेलात, तर कुलूप उघडायला सांगा आणि सेफ्टी पिनेने तेवढे काढा.