समजलं तरच तिलितोन्से

सातवीच्या वर्गात पोरं चौऱ्याण्णव आणि इंग्रजीची पुस्तकं अकरा. तरी धडे सगळ्यांना तोंडपाठ! अर्थ विचारला की मात्र चौऱ्याण्णव माना खाली. ही पोपटपंची ऐकून एलुबे चिपेताबाईंचं डोकंच फिरलं.

डेड्झा भागातल्या पोरांना गोष्ट ऐकायची पद्धत काय शिकवायची? सांगणाऱ्याच्या दर वाक्याला 'तिलितोन्से', म्हणजे आम्ही सगळे सोबत आहोत, असा हुंकार द्यायचा, हे त्यांच्या अंगवळणीच पडलेलं. बाईंनी तोच हुंकार धड्याला लावला. पण समजलं तरच. नाही समजलं तर खुशाल गप्प बसा, कुणी रागावणार नाही. पहिला आठवडा वर्ग नुसता मुका बसला होता. बाई हटल्या नाहीत. एकेक वाक्य फोडून, फळ्यावर चित्रं काढून त्यांनी तो हुंकार मिळवला.

मुख्याध्यापक म्सोन्थांना हे थेर वाटत होतं. तीस धड्यांपैकी जेमतेम सात झाले होते. त्यांनी स्पष्टच सांगून टाकलं, की सोमवारी तपासणीला साहेब येतायत, शाळेचं नाक कापलं गेलं तर तुम्ही पहिलीला आणि सातवी माझ्याकडे. म्हणजे पुन्हा घोकंपट्टी. बाईंना रविवारी न्सिमाचा, रोजच्या मक्याच्या उकडीचा घास गिळवेना.

सोमवारी म्सोन्था गुपचूप वर्गात गेले आणि पोरांना बजावून आले, समजो न समजो, दर वाक्याला ओरडायचं.

तपासणीला आलेल्या मागोम्बोसाहेबांनी पुस्तक हातात घेतलं आणि दीपगृहाचा, अजून न शिकवलेला धडा स्वतःच वाचायला लागले. पहिल्या तीन वाक्यांना पत्रे हादरतील असा तिलितोन्से झाला. चौथं वाक्य चार ओळींचं. ते संपलं आणि वर्ग चिडीचूप.

दारातून म्सोन्था हातवारे करत होते. पोरं बाईंकडे बघत होती. बाईंनी नुसती मान हलवली असती तरी काम झालं असतं. पण इतके महिने जे शिकवलं ते एका मानेसरशी मातीत घालायचं? त्यांनी हाताची घडी घातली आणि मान ताठ ठेवली.

दुसऱ्या रांगेतली तियामिके उभी राहिली. एरवी हजेरीलाही हिचा आवाज फुटायचा नाही.

"सर, जहाजापर्यंत आम्ही तुमच्यासोबत होतो. पुढे तुम्ही एकटेच गेलात."

साहेबांनी चष्मा पुसला. वाक्य पुन्हा वाचलं, मग मनातल्या मनात तिसऱ्यांदा वाचलं. म्सोन्था गडबडीने माफी मागायला लागले, तर साहेबांनी हातानेच त्यांना थांबवलं.

"मीही गेलो नाही गं, पोरी. तीस वर्षं हे वाक्य मी नुसतं वाचतोय." पुस्तक बाईंच्या हातात देऊन ते तियामिकेच्या बाकावर सरकून बसले. "बाई, हा वर्ग तुमचाच. घ्या, शिकवा."

बाईंनी खडू उचलला, फळ्यावर जहाज काढलं आणि वाक्याचा पहिला तुकडा वाचला. चौऱ्याण्णव आवाज उठले आणि त्यांच्यात एक घोगरा, म्हातारा आवाजही होता.